आधी पट्टी, मग सफाई : जॅझच्या तबकड्या आणि चित्रपट संगणकावर लावतानाच्या नोंदी

३ जून
कामाचा आवाका : १९५०-६०च्या दशकांतल्या एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्या), थोड्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या आणि जॅझच्या चित्रपटांच्या डीव्हीडी. शेवटी हवी आहे ती अशी सूची, की तबकडीचं नाव उघडलं की कोण वाजवतंय, कोणत्या तारखेला, आणि तेच वादन पडद्यावर कुठे आहे, हे एका जागी दिसावं.

क्रम ठरवला : वेग, धुणं, ध्वनिमुद्रण, पट्टी (म्हणजे सुराची उंची), क्लिक, नोंदी. खरखर काढणं सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच. बरेच जण नेमकं उलट करतात. आधी आवाज 'स्वच्छ' करतात आणि मग लक्षात येतं की तबकडी मुळात चढ्या वेगाने फिरत होती. वेग बदलायचा म्हणजे मग सफाईसकट सगळं पुन्हा.

५ जून
दिवस टर्नटेबलच्या वेगात गेला. स्ट्रोब चकती (वेग तपासायची, रेघांची) ठेवली तर रेघा स्थिरच होईनात, नुसता करडा पट्टा दिसत राहिला. दोष टर्नटेबलचा नव्हता, दिव्याचा होता. बरेचसे एलईडी दिवे विजेच्या ठेक्यावर लुकलुकतच नाहीत, त्यामुळे चकती वाचता येत नाही. साधा तंतूचा किंवा निऑनचा दिवा लावल्यावर काम झालं. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓साठी १८० रेघांचं वर्तुळ पाहायचं, ६० हर्ट्झवर २१६चं. चुकीचं वर्तुळ पाहिलं तर रेघा कधीच थांबणार नाहीत.

रेघा हळूहळू मागे सरकत होत्या, म्हणजे वेग कमी. लगेच स्क्रू फिरवायला जाऊ नये. आधी टर्नटेबल फिरवणारा रबरी पट्टा काढून मोटरची कप्पी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. काळा थर निघाला. तरीही वेग हलत राहिला, कारण पट्टा सैल झाला होता. नवा पट्टा बसवल्यावरच तळाच्या स्क्रूने उरलेला फरक काढला. सैल पट्ट्यावर स्क्रू फिरवून वेग जुळवला की तासाभरात तो पुन्हा ढळतो.

सुईचा भार कार्ट्रिजसोबतच्या (सुई बसवलेल्या भागासोबतच्या) कागदावर दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवला. कमी भाराने तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाचेच्या भिंतींना जास्त इजा करते. ट्रम्पेटच्या चढ्या सुरावर 'फर्र' असा फाटका आवाज आला तर भार आणि सुईचा कोन आधी तपासायचा.

६ जून
आवाज घुमणारा आणि फाटका येत होता. टर्नटेबलच्या पोटातला प्रीअँप (सुईचा बारीक आवाज वाढवणारा भाग) चालू होता आणि बाहेरचा फोनो प्रीअँपही जोडलेला होता. म्हणजे आरआयएए दुरुस्ती (तबकडी कापताना दाबलेला बेस परत वाढवणारी) दोनदा. मागचं बटण 'फोनो'वर केलं. उलट झालं, म्हणजे एकही प्रीअँप नसला, तर आवाज बारीक, पातळ आणि बेसशिवाय येतो. गुणगुण होती ती जमिनीची (अर्थिंगची) तार घट्ट केल्यावर निम्मी गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यावर उरलेलीही.

९ जून
धुणं. एलपीसाठी : डिस्टिल्ड पाणी आठ भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग, लिटरमागे भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब. थेंब वाढले की खाचेत साबण राहतो आणि सुईच्या टोकाला पांढरा गोळा जमतो. म्हणून नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुणं आवश्यक. नळाचं पाणी नको. क्षार वाळून जे राहतं तेच खरखरीच्या रूपात ऐकू येतं.

७८च्या तबकड्यांना हे मिश्रण अजिबात लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तबकडी पुसता पुसता संगीतच पुसलं जाईल. त्यांना फक्त डिस्टिल्ड पाणी आणि एक थेंब द्रव, ब्रश खाचेच्या दिशेने, आणि लगेच कोरडं करणं. लेबल भिजू द्यायचं नाही.

१२ जून
ध्वनिमुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर. या दर्जात स्टिरिओची न दाबलेली फाइल मिनिटाला सुमारे ३५ एमबी होते, चाळीस मिनिटांच्या एलपीला १.४ जीबी. फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता दाबलेल्या फाइलमध्ये) बरीच कमी होते. लांब सत्र एकाच वेव्ह फाइलमध्ये घेऊ नये, कारण साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी.

पातळी : एलपीतला सर्वात मोठा भाग उणे ६ डेसिबलच्या खाली. तो कुठे आहे हे आधी शोधायचं. बिग बँडमध्ये (मोठ्या वाद्यवृंदात) तो बहुधा शेवटच्या कोरसमध्ये, म्हणजे धुनेच्या शेवटच्या फेरीत, सापडतो, त्रिकुटाच्या तबकडीवर मात्र ड्रमच्या एखाद्याच फटक्यात. पियानोवर पातळी लावली आणि पुढच्या मिनिटाला स्नेअर ड्रमने मर्यादा ओलांडली, तर ती बाजू पुन्हा घ्यावी लागते.

मोनो तबकड्या स्टिरिओ कार्ट्रिजनेच घेतल्या आणि मग दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या. मोनो खाच फक्त आडवी हलते, धूळ आणि घरघर उभ्या दिशेलाही असते. बेरीज केली की उभ्या दिशेचं बरंचसं आपोआप पुसलं जातं. कोणतंही सॉफ्टवेअर न लावता मिळणारी ही सगळ्यात स्वस्त सफाई. खाचेची एक भिंत खराब असेल तर मात्र बेरीज करू नये, चांगली वाहिनी तेवढी घ्यावी.

एक जात वेगळी : मूळ मोनो, पण नंतर 'कृत्रिम स्टिरिओ' करून विकलेल्या तबकड्या. एका कानात बेस, दुसऱ्यात तिखट भाग, आणि काहींत मध्ये किंचित विलंब. त्या विलंबामुळे बेरीज केली की नळीतून आल्यासारखा आवाज होतो. अशी तबकडी बाजूला ठेवून खरी मोनो आवृत्ती शोधलेली बरी.

१६ जून
पट्टी. या संग्रहातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' त्याचं उत्तम उदाहरण.

ही तबकडी १९५९मध्ये कोलंबिया कंपनीच्या, न्यूयॉर्कमधल्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन बैठकींत मुद्रित झाली. पहिली बाजू, म्हणजे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन', २ मार्चची. दुसरी २२ एप्रिलची. पहिल्या बैठकीला टेपयंत्र किंचित मंद चालत होतं. फीत नंतर योग्य वेगाने वाजवली की स्वर चढतो. त्यामुळे कित्येक दशकं ही बाजू चढ्या पट्टीत विकली गेली, आणि १९९२च्या आवृत्तीत, त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेल्या फितीच्या आधारे, ती दुरुस्त झाली. 'सो व्हॉट' पांढरी दोनचं आहे. जुन्या तबकडीवर पेटी लावून बसलं तर सूर जुळत नाही आणि दोष पेटीला दिला जातो.

जुन्या छपाईची तबकडी असेल तर आपलं टर्नटेबल बरोबर असूनही सूर चढाच येणार. पडताळणी अशी : दोन्ही बाजूंवरचा पियानोचा मोकळा, लांब राहिलेला सूर घ्यायचा आणि स्पेक्ट्रममध्ये शिखर पाहायचं. खिडकी (एका वेळी तपासायचा तुकडा) ६५५३६ नमुन्यांची ठेवली तर ९६ किलोहर्ट्झवर एक खण दीड हर्ट्झचा होतो, म्हणजे ४४०च्या आसपास सुमारे ६ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). खालच्या सुरांवर हा अंदाज फारच ढोबळ होतो, म्हणून वरचा सूर निवडायचा. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनवर मोजू नये. वादक ओठाने सूर वाकवतो, आणि जॅझमध्ये तर मुद्दाम वाकवतो. पियानो किंवा व्हायब्राफोन, कारण त्यांचा सूर वाजवताना हलत नाही.

हिशेब : वेगातला १ टक्का म्हणजे सुमारे १७ सेंट. दुरुस्ती करताना 'पट्टी बदला' नव्हे, 'वेग बदला' निवडायचं. यंत्राचा वेग चुकलेला असतो, म्हणून सूर आणि लय दोन्ही सोबत खाली यायला हवेत. फक्त पट्टी उतरवणारं साधन ड्रमवरच्या ब्रशच्या घासण्याला पाणचट करतं आणि लय चुकीचीच ठेवतं.

मूळ, न बदललेली फाइल वेगळी ठेवली आहे. चढ्या पट्टीची आवृत्ती हाही इतिहासच. कित्येकांनी तीच ऐकून सोलो बसवले.

१८ जून
एका पियानो त्रिकुटाच्या तबकडीवर लांब सूर झोके घेत होते. यंत्राचा वेग ठीक, मग दोष भोकात. झोका दर १.८ सेकंदांनी आला तर तबकडीचं भोक मध्यात नाही, कारण ३३⅓ला एक फेरी तेवढ्याच वेळाची. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर १०० मिमी त्रिज्येवर सूर अधिक-उणे ९ सेंट हलतो, लेबलजवळ ६० मिमीवर १४. म्हणून बाहेरचा तुकडा ठीक वाटतो आणि शेवटची संथ बॅलड नासते. उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधू नये. कानशीने भोक किंचित मोठं करून, सुईचा दांडा आत-बाहेर हलत नाही इतपत तबकडी सरकवली. वेळखाऊ, पण साधलं.

२१ जून
क्लिक. स्वयंचलित 'क्लिक काढा' संपूर्ण बाजूवर चालवलं आणि निकाल टाकून द्यावा लागला. म्यूट लावलेल्या ट्रम्पेटची लहर टोकदार असते, स्नेअरच्या कडेवरचा फटकाही तसाच. यंत्राला ते क्लिकच वाटतात. ऐकताना 'काहीतरी कमी आहे' इतकंच जाणवतं. नेमकं काय गेलं हे पाहायला मूळ फाइलची लहर उलटी (वरची बाजू खाली) करून ती स्वच्छ फाइलमध्ये मिसळायची. उरतं ते काढून टाकलेलं. त्यात ट्रम्पेट ऐकू आला तर सेटिंग चूक. त्यात फक्त टकटक ऐकू यावी.

जमलेली पद्धत : मोठे क्लिक हाताने, बाकीचे तसेच. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरचं 'रिपेअर' एका वेळी जास्तीत जास्त १२८ नमुने दुरुस्त करतं. ९६ किलोहर्ट्झवर ते जेमतेम १.३ मिलिसेकंद होतात, त्यामुळे मोठ्या ओरखड्यावर ते नकार देतं. तिथे पेन्सिलीने लहर सरळ करायची किंवा दुसऱ्या वाहिनीतला तेवढा तुकडा आणायचा. दर १.८ सेकंदांनी येणारे टोले म्हणजे ओरखडा. पहिला सापडला की पुढचे ठरल्या अंतरावर उभेच असतात.

२४ जून
फितीची सळसळ काढायचा मोह आवरला. आवाजाच्या ज्या उंच पट्ट्यात सळसळ असते त्याच पट्ट्यात झांजेचा शेवट आणि ब्रशचं घासणं असतं. एका बाजूवर १२ डेसिबल लावून पाहिलं : ड्रमर खोलीतून उठून गेल्यासारखा वाटला. फारच खराब तबकडीला ४-५ डेसिबल, त्यापुढे नाही. २० हर्ट्झखालची घरघर मात्र कापली. ती ऐकू येत नाही, पण स्पीकरचा पडदा उगाच हलवत राहते.

थेट मैफलींच्या तबकड्यांत जे 'दोष' वाटतात ते नीट ओळखून सोडायचे. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाच्या २५ जून १९६१च्या, व्हिलेज व्हॅन्गार्ड क्लबमधल्या मुद्रणात ग्लासांची किणकिण आणि गप्पा आहेत, त्या राहूच द्याव्यात. त्या दिवसाच्या संपूर्ण संचात 'ग्लोरियाज स्टेप'च्या पहिल्या वादनात वीज गेल्याने मध्येच खंड पडतो. तो मूळ फितीतलाच आहे.

ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या मुद्रणांतला पियानो जरा दबका, पेटीत बंद केल्यासारखा येतो. ईक्यूने (आवाजातले उंच-खालचे भाग कमीजास्त करणाऱ्या साधनाने) तो 'उघडायला' गेलं की झांजा कर्कश होतात. सोडून दिला. लेबलाजवळच्या रिकाम्या कडेवर 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' अशी खूण असेल तर ती नोंदवून ठेवावी. छपाईची मूळ तबकडी त्याने स्वतः कापली होती, याची ती निशाणी.

२६ जून
तुकडे पाडणं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'ची दुसरी बाजू कापताना थांबावं लागलं. तिसरा भाग डबल बेस या वाद्याच्या एकल वादनातून थेट चौथ्यात जातो, मध्ये शांतता नाही. 'शांततेवरून तुकडे करा' हे साधन तिथे चुकीच्या जागी, बेसच्या दोन सुरांमधल्या पोकळीत कापतं. खूण हाताने लावली, तुकडे फ्लॅकमध्येच ठेवले. एमपीथ्री केल्यास तुकड्याच्या दोन्ही टोकांना रिकामे नमुने भरले जातात आणि सांध्यावर उचकी लागते.

३० जून
नोंदी भरणं. वाटलं त्याच्या दुप्पट वेळ इथेच जातो.

आपोआप आलेली माहिती विश्वासाची नाही. पहिली अडचण वर्षाची : 'वर्ष' या एका रकान्यात प्रकाशनाचं साल पडतं. पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेन यांची कार्नेगी हॉलमधली मैफल २९ नोव्हेंबर १९५७ची, पण फिती सापडल्या आणि तबकडी आली २००५मध्ये. कोल्ट्रेनची ६ मार्च १९६३ची बैठक २०१८मध्ये प्रकाशित झाली. प्रकाशन-सालाने क्रम लावला तर कोल्ट्रेनची वाट उलटसुलट दिसते. म्हणून दोन वेगळे रकाने : मुद्रणाची तारीख आणि प्रकाशनाचं साल. क्रम पहिल्यावर.

दुसरी अडचण, वादक तुकड्यागणिक बदलतात. 'काइंड ऑफ ब्लू'वर पियानो बिल एव्हान्सचा, पण 'फ्रेडी फ्रीलोडर'वर विंटन केलीचा. अल्बमच्या पातळीवर नावं भरली की हा फरक हरवतो. फ्लॅकच्या नोंदीत 'परफॉर्मर' हा रकाना कितीही वेळा देता येतो, त्याचा फायदा घ्यायचा : नाव आणि कंसात वाद्य, प्रत्येक तुकड्याला.

तिसरी, टोपणनावं. टोरंटोच्या मॅसी हॉलमधल्या १५ मे १९५३च्या मैफलीच्या तबकडीवर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर 'चार्ली चॅन' या नावाने आहे. नोंदीत खरं नाव भरलं, छापील नाव शेऱ्यात. त्याच तबकडीवर चार्ल्स मिंगसने बेस नंतर वरून भरला होता. 'थेट मैफल' अशी मोघम नोंद पुरेशी नाही.

चौथी, लेबलच चुकीचं. 'काइंड ऑफ ब्लू'च्या सुरुवातीच्या छपाईत दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटी छापली गेली होती. कान लावून ठरवायचं : सहाच्या ठेक्यात डुलणारी ती 'ऑल ब्लूज', संथ आणि ठरलेली धून नसलेली ती 'फ्लॅमेंको स्केचेस'.

वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या १९५६च्या न्यूपोर्ट महोत्सवाच्या तबकडीला दोन स्वतंत्र नोंदी केल्या. जुन्या एलपीचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, टाळ्या मिसळून तयार केलेला होता. त्याच्या सॅक्सोफोनवादक पॉल गॉन्झाल्व्हिसने सत्तावीस कोरसांचा तो प्रसिद्ध सोलो कोलंबियाच्या माइकऐवजी रेडिओच्या माइकसमोर वाजवला होता. १९९९च्या आवृत्तीत रेडिओची फीत जोडून खरी मैफल बाहेर आली. एका नावाखाली दोन्ही ठेवणं म्हणजे दोन वेगळी ध्वनिमुद्रणं एक समजणं.

६ जुलै
चित्रपट. 'सापडलं, जोडलं' इतकं सोपं निघालं नाही. पहिल्याच चकतीवर पियानो पाऊण अर्धस्वर चढा. कारण जुनंच : सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर २५ने चालवतात. वेग ४.१७ टक्के वाढतो, सूर ७१ सेंट चढतो, शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णवात संपतो. बोलताना कळत नाही; संगीत मात्र तबकडीशी जुळवायला गेलं की लगेच उघडं पडतं. प्लेअरमध्ये वेग ०.९६ ठेवायचा आणि 'सूर तसाच ठेवा' हा पर्याय बंद करायचा. आधी पियानोवर मोजून घ्यावं, कारण काही चकत्यांवर सूर आधीच उतरवलेला असतो, तिथे ०.९६ लावलं तर आवाज खाली पडतो. २४ने चालणाऱ्या ब्लू-रेवर हा प्रश्न येत नाही.

पट्टी जुळल्यावरच तबकडी आणि पडद्यावरचं वादन एक की वेगळं हे कळतं. या यादीतले निकाल :

'द साउंड ऑफ जॅझ', ८ डिसेंबर १९५७चा दूरचित्रवाणी कार्यक्रम. त्याच नावाची एलपी मात्र ४ डिसेंबरच्या सरावाची. बिली हॉलिडे 'फाइन अँड मेलो' दोन्हींत गाते, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचा सोलो दोन्हींत वेगळा. जोड लावायची ती 'सराव / प्रक्षेपण' अशी.

दिग्दर्शक लुई मालच्या 'असॉन्सर पूर लेशाफो' या फ्रेंच चित्रपटाचं संगीत माइल्सने ४ आणि ५ डिसेंबर १९५७ला पॅरिसमध्ये, पडद्यावर दृश्यं पाहत उत्स्फूर्त वाजवलं. मूळ तबकडीत वरून प्रतिध्वनी मिसळलेला आहे. पुढे आलेल्या पूर्ण संचात प्रतिध्वनीशिवायची कोरी वादनं आहेत. दोन्ही ठेवावीत, चित्रपटाशी जोडायची ती प्रतिध्वनीची.

'राउंड मिडनाइट' (१९८६) : सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन आणि मंडळी चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष वाजवत होती, बोटं आणि सूर एकच. याचं संगीत दोन वेगळ्या तबकड्यांवर निघालं; एकच घेतली तर चित्रपटातल्या काही रचना सापडत नाहीत.

'बर्ड' (१९८८), चार्ली पार्करवरचा चित्रपट : त्याचे सोलो जुन्या ध्वनिमुद्रणांतून वेगळे काढून साथ नव्याने मुद्रित केलेली. नोंदीत सोलोची तारीख आणि साथीची तारीख वेगवेगळी. सॅक्सोफोनच्या मागे मूळ बँडचा अंधुक अवशेष कुठे कुठे येतो, तो तबकडीचा दोष समजू नये.

९ जुलै
प्रती : एक घरच्या डिस्कवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या जागी. फ्लॅकमध्ये ध्वनीचा एमडीफाइव्ह आकडा (फाइल बिघडली का ते ओळखायचा) आतच साठवलेला असतो, त्यामुळे नकल केल्यावर सगळ्या फाइलींवर चाचणी चालवली. एक खराब निघाली, तीही नकलताना केबल हलल्यामुळे. मूळ प्रतीवरून पुन्हा घेतली.

१३ जुलै
७८च्या तबकड्या बाकी. एलपीची सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाला घासते आणि तळातला सगळा कचरा वाचते. ३ मिलची (इंचाच्या हजाराव्या भागाला मिल म्हणतात) सुई बसवल्यावर आवाज खाचेच्या भिंतींवरून येईल. आरआयएएची वक्ररेषा (त्या दुरुस्तीचं ठरलेलं प्रमाण) १९५४ची, त्याआधीच्या तबकड्यांना लागू नाही, म्हणून या सगळ्या सपाट (दुरुस्ती न करणाऱ्या) प्रीअँपने घेऊन मग वक्ररेषा कंपनीनुसार लावायची. १९२५च्या आधीच्या, भोंग्यासमोर वाजवून घेतलेल्या मुद्रणांना तर कोणतीच ठरलेली वक्ररेषा नाही. त्यांचा वेगही ७८च असेल असं धरू नये, पियानो ऐकू आला तर त्यावरून मोजावा. पियानो बुजलेला असेल तर पितळी वाद्यांच्या सोयीच्या पट्ट्या, म्हणजे काळी पाच किंवा काळी दोन, धरून पाहायच्या. सुई आली की यादीतली पहिली कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरची १९२३ची.